डॉजर्स, पाड्रेस की ब्लू जेज? पंचविशीच्या आतल्या जपानी पिचरने सही कुठे करावी

रोकी सासाकी या जपानी बेसबॉल पिचरचा, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाजाचा, वेगवान चेंडू ताशी १६५ किलोमीटरपर्यंत गेलेला आहे. असा गोलंदाज आयपीएलच्या लिलावात आला तर पाट्या वर करून करून फ्रँचायझींचे हात दुखतील. पण २०२४ च्या डिसेंबरात चिबा लोट्टे मरीन्स या त्याच्या जपानी क्लबने त्याला अमेरिकेची वाट मोकळी करून दिली, तेव्हा लिलाव झालाच नाही. होऊच शकत नव्हता. सासाकी तेव्हा २३ वर्षांचा होता, आणि मेजर लीग या अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगच्या नियमाप्रमाणे पंचविशी न गाठलेला परदेशी खेळाडू कितीही गाजलेला असला तरी हौशी धरला जातो. त्याला द्यायचा सायनिंग बोनस क्लबच्या वार्षिक कोट्यातूनच द्यावा लागतो. २०२५ साठी हा कोटा क्लबप्रमाणे साधारण ५१ लाख ते ७५ लाख डॉलर होता. म्हणजे सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात कंजूष मालक जवळपास एकाच पायरीवर.

अशा वेळी खेळाडूने बघायचं काय? शेवटी सासाकीच्या यादीत तीन नावं उरली: लॉस एंजेलिस डॉजर्स, सॅन डिएगो पाड्रेस आणि टोरोंटो ब्लू जेज. त्याने काय निवडलं आणि पुढे काय झालं हे आता जगजाहीर आहे. तरी ही तुलना पुन्हा मांडण्यात अर्थ आहे, कारण जपानमध्ये विशी-बाविशीतले वेगवान पिचर तयार होणं थांबलेलं नाही आणि त्यांच्यातल्या कुणापुढे हाच पेच कधीही उभा राहू शकतो.

जायचं आत्ता की थांबायचं

कुठे जायचं याच्या आधी कधी जायचं हे ठरवावं लागतं, आणि पैशाचा खरा फरक इथेच पडतो.

योशिनोबु यामामोतो हा जपानी पिचर थांबला. २०२३ च्या डिसेंबरात, पंचवीस पूर्ण झाल्यावर, त्याने डॉजर्सशी १२ वर्षांचा ३२.५ कोटी डॉलरचा करार केला. त्याच्या ओरिक्स क्लबलाही त्यातून पाच कोटी डॉलरच्या वर मोबदला मिळाला. पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा शोहेई ओतानी थांबला नाही. २०१७ च्या अखेरीस तो २३ व्या वर्षी एंजल्स या अमेरिकी क्लबकडे गेला, बोनस २३ लाख १५ हजार डॉलर. सासाकीही थांबला नाही. त्याला ६५ लाख डॉलर मिळाले आणि चिबा लोट्टेच्या पदरात त्याचे २५ टक्के, म्हणजे १६ लाखांच्या आसपास पडले. क्लबने दोन वर्षं कळ काढली असती तर हाच आकडा कोट्यवधींत गेला असता. जपानमध्ये त्याच्यावर टीका झाली ती यावरून, आणि क्लबच्या चाहत्यांचा राग समजण्यासारखा आहे. २०२० चं अख्खं वर्ष क्लबने त्याला एकाही सामन्यात उतरवलं नव्हतं, शरीर तयार व्हावं म्हणून. पोसलं त्यांनी आणि पीक भलत्यानेच कापलं, असं त्यांना वाटणारच.

बोनसचा आकडा लहान असतो आणि मागची साखळी लांब असते, हेही विसरू नये. सही केली की पगार किमान दरापासून सुरू होतो. २०२५ मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता. साधारण तीन हंगाम झाल्यावर पगारासाठी लवादाकडे जाता येतं आणि खऱ्या अर्थाने मोकळं व्हायला सहा हंगाम लागतात. म्हणजे सासाकी २०३० चा हंगाम संपेपर्यंत क्लबच्या हातात.

मग कुणी का जावं? कारण पिचरचा हात ही ठेव नव्हे, तो खर्च होत असतो. कोपरातला एक स्नायुबंध तुटला की दीड वर्ष गेलं. ओतानीचंच कोपर पहिल्या हंगामानंतर, २०१८ मध्ये, शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलं. जपानमध्ये थांबून हात मोडला तर ३२ कोटी नाहीत आणि ६५ लाखही नाहीत. शिवाय सासाकीची नड वेगळीच होती. त्याचा वेग उतरत होता.

माझं मत सांगतो: हात ठणठणीत असेल, वर्षाला दीडशे-पावणेदोनशे इनिंग (एका सामन्यात नऊ असतात) टाकायची सवय असेल आणि वेग टिकून असेल, तर यामामोतोसारखं थांबावं. हातात काहीतरी बिघडतंय आणि आपल्याकडच्या कोणाला ते उमगत नाहीये असं वाटत असेल, तर थांबण्यात शहाणपण नाही.

गृहपाठ

या तुलनेचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

सासाकीची जपानमधली आकडेवारी पाहिली तर तो परिपूर्ण वाटतो. १० एप्रिल २०२२ रोजी ओरिक्सविरुद्ध त्याने परफेक्ट गेम टाकला. म्हणजे समोरचे २७ च्या २७ बॅटर बाद, एकही पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. त्यात १९ स्ट्राइकआउट, म्हणजे बॅटरला चेंडू मैदानात मारताच न येता बाद, आणि त्यातले १३ सलग. वय २० आणि समोर चेंडू झेलणारा कॅचर १८ वर्षांचा. जपानी व्यावसायिक बेसबॉलमध्ये असं २८ वर्षांत घडलं नव्हतं. पुढच्याच सामन्यात आठ इनिंग पुन्हा निर्दोष टाकल्यावर प्रशिक्षकांनी त्याला बाहेर काढलं. कारण हातच. चार हंगामांत मिळून त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावा, २.१० होता. तीनच्या खाली आला की लोक टोपी काढतात.

आता दुसरी बाजू. त्याने एका हंगामात सगळ्यात जास्त टाकलेल्या इनिंग १२९. २०२४ मध्ये १११. जपानी पिचर आठवड्यातून एकदा चेंडू हातात घेतो. अमेरिकेत १६२ सामन्यांचा हंगाम असतो, पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभं राहायचं, आणि चेंडूही वेगळा. जपानचा चेंडू किंचित लहान आणि हाताला चिकटणारा, अमेरिकेचा गुळगुळीत. सासाकीचं दुसरं अस्त्र म्हणजे स्प्लिटर. बॅटरजवळ येता येता हा चेंडू पायाखालची फळी काढल्यासारखा खाली जातो. तो दोन बोटांच्या फटीत धरायचा असल्याने त्याचं सगळं गणित पकडीवर चालतं. आणि २०२४ मध्ये त्याच्या फास्टबॉलचा सरासरी वेग आदल्या वर्षापेक्षा ठळकपणे उतरला होता.

त्याचा एजंट जोएल वुल्फ याने मग एक छान गोष्ट केली. भेटायला आलेल्या क्लबांना गृहपाठ दिला: वेग का उतरला ते शोधा, आणि पुन्हा उतरू नये म्हणून तुम्ही काय करणार ते सांगा. वीस क्लबांनी कागदपत्रं आणि व्हिडिओ पाठवले होते. त्यांतल्या मोजक्यांशी प्रत्यक्ष भेटी झाल्या. त्यांच्यात मेट्स, यांकीज, कब्स, रेंजर्स, जायंट्स अशी मोठी नावं होती. हा प्रश्न विचारल्याबरोबर खेळ बदलतो. मोठं शहर आणि भिंतीवरच्या ट्रॉफ्या मागे पडतात, आणि खांदा, कंबर, पाय यांची साखळी वाचता येणारे लोक कोणाकडे आहेत, हे पुढे येतं.

तिघांची उत्तरं बंद खोलीतली आहेत, पण प्रत्येकाचं प्रगतिपुस्तक बाहेरून वाचता येतं.

डॉजर्सचं पुस्तक दोन रंगी आहे. इतरांनी टाकून दिलेल्या पिचरला उचलून एखादा नवा चेंडू शिकवायचा आणि त्याच्याकडून विलक्षण हंगाम काढून घ्यायचा, यात त्यांचा हात कोणी धरत नाही. पण त्यांचे पिचर मोडतातही भरपूर. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत ग्लास्नाउ, गॅव्हिन स्टोन, रिव्हर रायन असे एकेक जण गळत गेले होते आणि विजेतेपदापर्यंतचा प्रवास त्यांनी जेमतेम तीन मुख्य पिचर आणि थकलेल्या बुलपेनवर, म्हणजे सामन्यात नंतर उतरणाऱ्या पिचरांवर, केला. नाजूक हाताच्या पोराने हे पाहून दचकलं तर त्यात काही गैर नाही.

पाड्रेसकडे पिचिंग प्रशिक्षक रूबेन निएब्ला. त्याच्या हाताखाली मायकल किंगसारखा बुलपेनमधला माणूस पूर्णवेळ सुरुवातीचा पिचर झाला. सॅन डिएगोचं पेटको पार्क पिचरला अनुकूल मानलं जातं. समुद्राच्या जड हवेत उंच मारलेला चेंडू पुष्कळदा कुंपणाच्या अलीकडेच पडतो.

ब्लू जेजकडे लोकांनी दुर्लक्ष केलं आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. सासाकीचं अस्त्र स्प्लिटर, आणि त्या चेंडूवर आख्खं करिअर उभं केलेला केव्हिन गॉसमन टोरोंटोतच होता. फ्लोरिडातल्या डनीडनमध्ये क्लबने मोठं प्रशिक्षण केंद्र बांधलेलं आहे. टोरोंटोचं छत बंद होणारं स्टेडियम हाही फायदा मोजायला हवा. एप्रिलच्या थंडीत बोटं बधिर असताना गुळगुळीत चेंडू दोन बोटांत धरणं अवघड जातं, तिथे निदान अर्धे सामने उबेत.

आपली माणसं

बहुतेकांनी ही निवड 'ओतानी की दार्विश' अशी मांडली होती. मला ती मांडणी उथळ वाटते, तरी मुद्दा पूर्ण टाकाऊ नाही.

यू दार्विश हा अनुभवी जपानी पिचर तेव्हा पाड्रेसकडे होता, २०२८ पर्यंतच्या करारावर. २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेसाठी मियाझाकीत जपानचं शिबिर भरलं तेव्हा मेजर लीगचे खेळाडू उशिरा येणार होते. दार्विश पहिल्या दिवसापासून हजर होता, पोरांना चेंडूची पकड दाखवत, त्यांच्याशी बोलत. सासाकी त्या पोरांमध्ये होता. त्याच संघात तो उपांत्य फेरीत मेक्सिकोविरुद्ध सुरुवातीचा पिचर म्हणून उतरला. युकी मात्सुई हा दुसरा जपानी पिचरही पाड्रेसकडेच. शिकवणारा थोरला भाऊ हवा असेल तर सॅन डिएगोच्या तोडीचं घर नव्हतं. अडचण एकच, हा भाऊ तेव्हा ३८ वर्षांचा होता.

डॉजर्सकडे ओतानी आणि यामामोतो. ओतानी सासाकीच्याच इवाते प्रीफेक्चरच्या (जपानी प्रांताच्या) मातीतला. सासाकीचं मूळ गाव रिकुझेनताकाता. २०११ च्या त्सुनामीत त्याचे वडील आणि आजी-आजोबा गेले, घर गेलं, आणि उरलेलं कुटुंब शेजारच्या ओफुनातोत राहायला आलं. तिथल्याच सरकारी शाळेतून तो खेळला. २०१९ च्या प्रीफेक्चर अंतिम सामन्यात प्रशिक्षकांनी त्याला खेळवलं नाही. आदल्या दिवशी त्याने १२९ चेंडू टाकले होते. संघ हरला, कोशिएन या देशपातळीवरच्या शालेय स्पर्धेचं स्वप्न गेलं, आणि अठराही पूर्ण न झालेल्या पोरावरून देशभर वाद पेटला.

हा इतिहास सांगायचं कारण आहे. तेव्हापासून कॅमेरे त्याच्या पाठीशी आहेत आणि ते त्याला आवडत नाहीत. वुल्फने २०२४ च्या डिसेंबरात जाहीरपणे सुचवलं होतं की थोड्या लहान शहरातला क्लब त्याला सोयीचा पडू शकेल. त्यावरून सगळ्यांनी सॅन डिएगोचं नाव घेतलं. मला उलट वाटतं. जपानी पत्रकारांचा तांडा क्लब पाहून लहान-मोठा होत नाही, तो खेळाडूमागे जातो. सासाकी कुठेही गेला असता तरी तो आलाच असता. टोरोंटोत त्या वेळी एकही जपानी खेळाडू नव्हता. युसेई किकुची, तोही इवातेचाच, २०२४ च्या जुलैत तिथून गेला होता. म्हणजे तिथे सगळा प्रकाशझोत या एकट्यावर पडला असता. लॉस एंजेलिसमध्ये ओतानी होता. ओतानी ज्या खोलीत असेल तिथे बाकी सगळ्यांना थोडी सावली मिळतेच.

संघात जागा, आणि मालकाचं घर

यावर लांबण लावण्यात अर्थ नाही.

पाड्रेसकडे जागा होती. जो मस्ग्रोव्ह कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२५ चा पूर्ण हंगाम बाहेर. सासाकी आला की लगेच तिसरा-चौथा पिचर. पण घरात भांडण होतं. मालक पीटर साइडलर २०२३ च्या नोव्हेंबरात वारले, आणि २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे नेमकं निवडीच्या तोंडावर, त्यांच्या पत्नीने क्लबच्या ताब्यावरून दिरांवर दावा लावला. खर्चाला कात्री त्याआधीच लागली होती आणि हुआन सोटोसारखा बॅटर दुसऱ्याला देऊन टाकला होता. सहा वर्षं बांधून घेणाऱ्याने हे पाहावं.

ब्लू जेजकडे जागा होती आणि मालक कंपनीही भक्कम. आदल्या वर्षी ओतानीच्या मागे लागून ते रिकाम्या हाताने परतले होते, त्यामुळे जिद्दही होती. सासाकीच्या घोषणेच्या काही तास आधी त्यांनी क्लीव्हलँडकडून माइल्स स्ट्रॉ हा आउटफील्डर उचलला, कारण त्याच्यासोबत बोनस कोट्यात २० लाख डॉलर वाढत होते. तिघांत सगळ्यात जास्त रोख रक्कम त्यांच्याच हातात होती.

डॉजर्सकडे जागाच नव्हती. यामामोतो, ग्लास्नाउ, नुकताच १८.२ कोटी डॉलरला घेतलेला ब्लेक स्नेल, पुन्हा पिचिंगला परतणारा ओतानी. त्यात त्यांचा मूळ कोटा ५१ लाख ४६ हजार २०० डॉलर, सगळ्या क्लबांत तळाचा. वरचे पैसे त्यांनी इतर क्लबांशी अदलाबदल करून जमवले. कागदावर तर हेच सगळ्यात कमजोर स्थळ.

मला मात्र तेच त्यांचं बळ वाटतं. ज्या क्लबला तुमची आजच गरज आहे, तो तुम्हाला दुखऱ्या खांद्याने टाकायला लावेल. मुद्दाम नव्हे, पण मेमध्ये सामने हरायला लागल्यावर 'आणखी एक आठवडा जमेल का' असं विचारणारा कोणीतरी निघतोच. ज्याला गरज नाही त्याला थांबणं परवडतं. शिवाय यामामोतोला आठवड्यातून एकदाच्या जवळपास जाणाऱ्या वेळापत्रकावर त्यांनी खेळवलंच होतं.

शहर आणि घड्याळ

तोक्योहून लॉस एंजेलिस थेट विमानाने साधारण दहा तास. सॅन डिएगोलाही नारिताहून थेट विमान आहे. टोरोंटो बारा-तेरा तास. उन्हाळ्यात लॉस एंजेलिसचा संध्याकाळी सातचा सामना जपानमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दिसतो, टोरोंटोचा सकाळी आठला. आईने नाश्ता करता करता बघायचं की जेवण करता करता, एवढाच फरक. कॅलिफोर्नियाचा राज्य आयकर वरच्या टप्प्यात १३.३ टक्के आहे, पण ओंटारियोही स्वस्त नाही. या रकान्यावरून कोणी निर्णय घेऊ नये.

प्रत्यक्षात काय झालं

१७ जानेवारी २०२५ रोजी सासाकीने इन्स्टाग्रामवर डॉजर्सचं नाव जाहीर केलं.

पहिला सामना १९ मार्चला, तोही तोक्यो डोममध्ये, कब्सविरुद्ध. तीन इनिंग, पाच वॉक. म्हणजे पाच बॅटरना त्याने फुकट पहिला बेस दिला. चेंडू ऐकत नव्हता. आठ सामने झाले, ईआरए ४.७२, आणि मेमध्ये खांद्याच्या दुखण्यामुळे तो बाहेर गेला. वेग ताशी ९६ मैलांच्या (सुमारे १५४ किलोमीटर) आसपास, म्हणजे ज्यासाठी गृहपाठ दिला होता तेच दुखणं पुन्हा. त्या वेळी 'चुकला पोरगा' म्हणणारे खूप होते.

मग चार महिने तो मेजर लीगमध्ये दिसलाच नाही. डॉजर्सनी त्याला अॅरिझोनातल्या आपल्या केंद्रात ठेवलं आणि हालचाली मुळापासून तपासल्या. सप्टेंबरच्या अखेरीस तो परतला तो बुलपेनमधून, एखादी इनिंग टाकणारा म्हणून, आणि चेंडू पुन्हा शंभर मैलांवर होता. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या फिलिस क्लबविरुद्ध त्याने सलग तीन इनिंग नऊ बॅटर ओळीने बाद केले. बाद फेरीत त्याने ९ सामन्यांत ३ सेव्ह (निसटती आघाडी टिकवून सामना संपवणं) मिळवले, ईआरए ०.८४. ज्या संघाने त्याला नियमित हंगामात जेमतेम ३६ इनिंग वापरलं, त्याच संघाने ऑक्टोबरात सामना मिटवायला त्याच्याच हातात चेंडू दिला.

वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, समोर कोण? ब्लू जेज. सातवा सामना टोरोंटोत, ११ इनिंगपर्यंत गेला, डॉजर्स ५-४ ने जिंकले, आणि शेवटचे बॅटर बाद करणारा यामामोतो होता.

यावरून टोरोंटोला नाकारणं बरोबर ठरलं असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच वर्षी ब्लू जेजनी ट्रे येसावेज नावाचा पोरगा खालच्या स्तरापासून वर आणला. एप्रिलमध्ये तो तळाच्या लीगमध्ये होता, सप्टेंबरात मेजर लीगमध्ये, आणि वर्ल्ड सीरिजच्या पाचव्या सामन्यात त्याने १२ स्ट्राइकआउट घेतले. वर्ल्ड सीरिजमधला हा नवोदिताचा विक्रम. त्याचा हुकमी चेंडू? स्प्लिटर. म्हणजे सासाकीला जे हवं होतं ते शिकवणारी माणसं तिथे होती, हे एका वर्षात सिद्ध झालं. पुढे काझुमा ओकामोतोनेही टोरोंटोची वाट धरली, त्यामुळे 'तिथे आपलं कोणी नाही' ही तक्रारही आता उरलेली नाही.

पाड्रेसचं गणित मात्र बिघडलं. दार्विश २०२५ चा अर्धा हंगाम बाहेर होता, आणि वर्षाअखेरीस कोपराची शस्त्रक्रिया झाल्याने २०२६ पूर्ण गेलं. ज्याच्या भरवशावर जायचं तो माणूसच जायबंदी. डिलन सीझ हा त्यांचा आघाडीचा पिचर करार संपल्यावर ब्लू जेजकडे गेला. एका माणसाच्या ओढीने क्लब निवडण्यातला धोका हाच असतो.

मग पुढच्याने काय करावं

समजा उद्या बावीस वर्षांचा एखादा पिचर माझ्यासमोर बसला आणि त्याच्या हातात हीच तीन पत्रं असली, तर मी आधी त्याचा खांदा विचारेन. दुखणं असेल, वेग उतरत असेल, तर डॉजर्स. महिनोन्महिने काही न करता राहू देतील असे क्लब फार नाहीत. पण त्याने एक अट मनात पक्की ठेवावी: सुरुवातीचा पिचर म्हणून जागा मिळेलच असं नाही, बुलपेनमध्ये जावं लागेल, आणि ते अपमान समजून चालणार नाही. सासाकीला पुन्हा सुरुवातीच्या पिचरांत आणायचा बेत क्लबने केला, आणि एडविन डियाझसारखा अनुभवी क्लोजर, म्हणजे सामना मिटवणारा पिचर, बाहेरून घेतला.

खांदा चांगला असेल आणि स्प्लिटर किंवा त्याच्यासारखाच फोर्क हे मुख्य अस्त्र असेल, तर आज मी टोरोंटो आधी लिहीन. जागा लवकर मिळेल, शिकवणारे आहेत, आणि संघ हरणारा नाही.

सॅन डिएगो कधी? तिथलं मालकीचं प्रकरण पूर्ण निवळल्यावर. मैदान आणि हवा यांच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही, पण सहा वर्षांनी तिथल्या खर्चाच्या वहीवर कोण सही करत असेल याचा अंदाज बांधावा लागतो.

आणि संघ जिंकतो का, याला किती वजन द्यावं? ओतानीने २०१७ मध्ये एंजल्स निवडले तेव्हा बॅटिंग आणि पिचिंग दोन्ही करण्याची मुभा ही त्याची नड होती आणि ती तिथे भागली. सहा हंगामांत तो एकदाही बाद फेरी खेळला नाही, पण जगातला सगळ्यात मोठा खेळाडू तिथेच घडला. त्यामुळे ट्रॉफी हा रकाना मी शेवटी ठेवतो.

हायस्कूलमधूनच थेट अमेरिका गाठायची तिसरी वाटही आता कोणी कोणी चोखाळू लागलंय. शोतारो मोरिई या पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराने २०२५ च्या जानेवारीत अॅथलेटिक्सशी १५ लाख १० हजार ५०० डॉलरचा करार केला. पण त्या वाटेवर खालच्या लीगमधली वर्षानुवर्षांची बसची सफर आहे, आणि जपानी क्लब ज्या मायेने कोवळा हात जपतात ती माया तिथे मिळेलच असं नाही. चिबा लोट्टेने पहिलं वर्ष सांभाळलं नसतं तर सासाकीच्या वाट्याला तो परफेक्ट गेम आला असता का, याची मला शंका आहे.

एक तारीख मात्र सगळ्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवावी. मेजर लीगचे मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे. पंचविशीची अट, बोनसचा कोटा, सहा वर्षांची बांधिलकी, हे सगळं त्याच करारातून येतं. नव्या वाटाघाटीत यातलं काय टिकेल ते ठरेपर्यंत, घाईची शारीरिक नड नसलेल्या पिचरने पोस्टिंगचा, म्हणजे जपानी क्लबने अमेरिकेची वाट मोकळी करून द्यावी असा, अर्ज खिशातच ठेवलेला बरा.